लघवीतल्या हार्मोन मेटाबोलाइटच्या रिपोर्टवरून एचआरटीचा डोस ठरवावा का?

विश्रामबाग_कलेक्शन, सांगली

नमस्कार मंडळी. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल (म्हणजेच एचआरटी) चालू असलेल्या पेशंट आमच्या सेंटरवर 'लघवीतलं हार्मोन पॅनल' मागायला येतात. काहींकडे बाहेरच्या वेलनेस क्लिनिकची चिठ्ठी असते, काही नेटवर वाचून थेट येतात. सॅम्पलचे दोन प्रकार आहेत. एकात २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमवायची, दुसऱ्यात दिवसभरात चार-पाच वेळा फिल्टर पेपरच्या पट्ट्या लघवीत भिजवून वाळवायच्या. दोन्ही सॅम्पल पुढे मोठ्या लॅबला जातात. परत येतो तो हार्मोन आणि त्यांच्या मेटाबोलाइटचा, म्हणजे शरीरात हार्मोन तुटून बनणाऱ्या पदार्थांचा, कित्येक पानांचा रंगीत रिपोर्ट: इस्ट्राडिऑल, इस्ट्रोन, त्यांच्यापासून बनणारे २-हायड्रॉक्सी, ४-हायड्रॉक्सी, १६-हायड्रॉक्सी, २-मेथॉक्सी, प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं प्रेग्नेनडायोल, अँड्रोस्टेरोन, इटिओकोलॅनोलोन, कॉर्टिसोलचे टेट्राहायड्रो प्रकार आणि वर बाणांचे नकाशे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सॅम्पल खराब होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं? फॉर्मवर पेशंटकडून कोणती माहिती लिहून घ्यायची? आणि तासगाव, जतकडचे जनरल प्रॅक्टिसवाले डॉक्टर फोन करतात, 'प्रेग्नेनडायोल कमी आलंय, प्रोजेस्टेरॉन वाढवू का?' त्यांना काय सांगायचं?

मिरज_बायोकेमिस्ट्री

पहिले दोन प्रश्न मी घेतो. तिसऱ्यावर स्त्रीरोगवाल्यांनी बोलावं, पण त्याचं मूळ लॅबमध्येच आहे, म्हणून तिथपर्यंत येतो.

२४ तासांच्या लघवीत सर्वांत जास्त चुका सुरुवातीला आणि शेवटी होतात. पेशंटला तोंडी सांगू नका, मराठीत छापलेला कागद द्या. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात सोडायची आणि ती वेळ कॅनवर लिहायची, समजा ६.३०. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. संडासला जाण्याआधी लघवी वेगळ्या मगात घ्यायची, नाहीतर तेवढी हमखास वाया जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३०ची लघवी मात्र कॅनमध्ये घ्यायची. बऱ्याच जणी पहिली धरतात आणि शेवटचीही धरतात. मग ती २४ तासांची राहत नाही, ३०-३२ तासांची होते. बाहेरगावी जाणं, लग्नकार्य, रानातली कामं असलेला दिवस टाळायला सांगा. कॅन तीन लिटरचा द्या.

कॅन पूर्ण वेळ फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. घरचे फ्रीजमध्ये ठेवू देत नसतील तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ ठेवून चालतं, पण दर चार-पाच तासांनी बर्फ बदलावा लागतो. थंड ठेवण्याचं कारण असं. लिव्हर हार्मोन तोडतं आणि त्याला ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटची जोड देऊन ते पाण्यात विरघळणारं बनवतं. लघवीत येतात ते हे जोडलेले रेणू. सांगलीच्या चाळीस अंशांत लघवीत ई. कोलाय वाढतो आणि त्याच्याकडे ही ग्लुकुरोनाइडची जोड तोडणारं एन्झाइम असतं. लॅब पुढे स्वतःच एन्झाइम घालून सगळ्या जोडी तोडून मोजणार असेल तर नुकसान थोडं. पण लॅब प्रेग्नेनडायोल ग्लुकुरोनाइड जोडीसकट थेट मोजत असेल तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून सॅम्पल पाठवण्याआधी लॅबला एक प्रश्न विचारा: 'जोड तोडून मोजता की तशीच मोजता?' तोडत असतील तर एन्झाइम कुठलं हेही विचारा. गोगलगायीपासून काढलेलं हेलिक्स पोमॅटिया एन्झाइम ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट दोन्ही तोडतं. ई. कोलायपासूनचं शुद्ध एन्झाइम सल्फेटला हात लावत नाही. त्यामुळे दोन लॅबचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'वाढलं, कमी झालं' म्हणता येत नाही.

व्हीएमए किंवा मेटानेफ्रिन या अॅड्रिनल ग्रंथीच्या तपासण्यांसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेले कॅन तुमच्याकडे असतील. ते यासाठी देऊ नका, आम्लात सल्फेटची जोड सुटू लागते. प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं का आणि कुठलं हे तपासणाऱ्या लॅबच्या कागदावर असतं, ते पाहूनच घाला. पूर्ण लघवी मोजून, नीट हलवून त्यातली ५० मिली पाठवायची आणि एकूण मिली फॉर्मवर लिहायचे. हा आकडा लिहायचा राहून गेला तर रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

सॅम्पल पूर्ण आहे का ते कळायला क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज जवळपास सारखंच बाहेर पडणारं द्रव्य) शेजारी लिहून घ्या आणि स्वतः गुणाकार करा. बायकांत दिवसाला साधारण किलोमागे १५ ते २० मिग्रॅ क्रिएटिनिन बाहेर पडतं. साठीपुढच्या, अंगानं बारीक बाईत ते १०पर्यंतही येतं. उदाहरणार्थ ४५ किलोची बाई, २२०० मिली लघवी, क्रिएटिनिन ३० मिग्रॅ प्रति डेसिलिटर. २२ डेसिलिटर गुणिले ३० म्हणजे ६६० मिग्रॅ, किलोमागे जवळजवळ १५. सॅम्पल पूर्ण आहे असं मानायला हरकत नाही.

वाळवलेल्या पट्ट्यांची अडचण वेगळी. पट्टी दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजली पाहिजे. सावलीत, मोकळ्या हवेत किमान २४ तास वाळली पाहिजे. ओली पट्टी पाकिटात घातली की बुरशी. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात २४ तासही पुरत नाहीत, बोट लावून ओलसर वाटली तर अजून ठेवा. इथं सगळा हिशेब क्रिएटिनिनच्या प्रमाणात असतो, म्हणून भसाभसा पाणी पिऊन दिलेली पातळ लघवी नको. आणि बारीक बाईचं क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे भागाकारात तिचे सगळे हार्मोन फुगलेले दिसतात. या एका गोष्टीनं कित्येक रिपोर्ट विनाकारण लाल होतात.

आता दूषित होण्याचा प्रश्न. इस्ट्राडिऑल जेल हातानं लावतात. तोच हात पट्टीला लागला की त्या पट्टीत इस्ट्राडिऑल प्रचंड येतं आणि त्याच्या मानानं मेटाबोलाइट येत नाहीत. हीच या गडबडीची खूण. योनिमार्गात क्रीम किंवा कॅप्सूल ठेवणाऱ्या बाईतही तसंच. लघवी तिथून वाहत येताना औषध बरोबर घेऊन येते. फॉर्मवर विचारा: कुठलं औषध, किती मिग्रॅ, तोंडातून, त्वचेवर की योनिमार्गातून, शेवटचा डोस किती वाजता. 'हार्मोन चालू आहे' एवढंच लिहिलेला फॉर्म परत पाठवा. औषध बंद करायला मात्र आपण सांगायचं नाही, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं काम.

तिसऱ्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. तोंडातून घेतलेल्या इस्ट्राडिऑलचा जेमतेम ५ टक्के भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो, बाकीचा आतडं आणि लिव्हर पहिल्याच फेरीत बदलून टाकतात. जेलचा साधारण दहावा हिस्सा त्वचेतून आत जातो, पण गेलेला पहिल्या फेरीतून सुटतो. म्हणजे २ मिग्रॅची गोळी आणि १.५ मिग्रॅ इस्ट्राडिऑल असलेलं जेल, दोघींच्या गरम वाफा सारख्याच थांबतील, पण गोळीवालीच्या लघवीत मेटाबोलाइट कितीतरी पट जास्त दिसतील. लघवी औषधाचा लिव्हरमधला रस्ता दाखवते, गर्भपिशवीच्या अस्तरावर काय चाललंय ते नाही.

सातारा_स्त्रीरोग

सरांनी अगदी मुद्द्याचं लिहिलंय. त्याच धाग्यानं पुढे जाते, कारण प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत हीच गोष्ट धोक्याची होते.

मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची २०० मिग्रॅ कॅप्सूल तोंडातून घेतली की तिचा बराचसा भाग लिव्हरमध्ये प्रेग्नेनडायोल आणि अॅलोप्रेग्नेनोलोनसारख्या पदार्थांत जातो. अॅलोप्रेग्नेनोलोन मेंदूवर झोपेच्या औषधासारखं काम करतं, म्हणून ती कॅप्सूल रात्री द्यायची. लघवीत प्रेग्नेनडायोल भरपूर येतं. ते बघून कुणी 'जास्त झालंय' म्हणून डोस अर्धा केला, आणि इस्ट्रोजेन तेवढंच ठेवलं, तर गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं. उलट बाजूनं, तीच कॅप्सूल योनिमार्गात ठेवली तर पिशवीला औषध थेट मिळतं, पण रक्तात आणि लघवीत कमी दिसतं; तिथं रिपोर्ट बघून डोस वाढवणं निरर्थक. प्रोजेस्टेरॉनची त्वचेवर लावायची क्रीम अस्तराच्या संरक्षणासाठी भरवशाची नाही, मग रिपोर्टमध्ये आकडा कितीही छान येवो.

नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीच्या २०२२च्या निवेदनात लघवी किंवा लाळेतल्या हार्मोनवरून डोस ठरवण्याची शिफारस नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१५पासून सांगितलंय की ४५च्या पुढच्या, लक्षणं ठळक असलेल्या बाईत निदानासाठी एफएसएच या हार्मोनच्या रक्ततपासणीचीही गरज नाही.

मग डोस कसा ठरवायचा? आधी सुरुवातीच्या तपासण्या. बीपी, वजन, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास, स्तनाची तपासणी आणि मॅमोग्राफी, साखर, लिपिड, लिव्हर, पोटाची सोनोग्राफी. स्तनाचा कॅन्सर झालेला, लिव्हरचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव यांत सुरूच करायचं नाही. लठ्ठपणा किंवा गुठळीचा धोका असेल तर गोळीपेक्षा जेल बरं. सुरुवात कमी डोसनं: इस्ट्राडिऑल व्हॅलरेट १ मिग्रॅ गोळी किंवा ०.७५ मिग्रॅ इस्ट्राडिऑल मिळेल एवढं जेल. आठ ते बारा आठवडे वहीत लिहून ठेवायला सांगायचं: दिवसात किती वेळा वाफा, रात्री घामानं किती वेळा जाग. फरक कमी असेल तरच एक पायरी वर. पिशवी असलेल्या बाईला त्याबरोबर प्रोजेस्टेरॉन: महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिग्रॅ किंवा रोज १०० मिग्रॅ. हा आकडा अस्तर वाचवण्यासाठी अभ्यासातून ठरलेला आहे, तो रंगीत रिपोर्टनं खाली आणायचा नाही.

आपल्या भागात एक गोष्ट मुद्दाम पाहायला हवी. उसाच्या पट्ट्यात आणि दुष्काळी तालुक्यांतही पस्तिशी-चाळिशीत गर्भपिशवी काढलेल्या बायका भेटतात आणि अंडाशय काढले की ठेवले हे त्यांना माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागवा. दोन्ही अंडाशय काढलेले असतील तर हाडं आणि हृदयासाठी निदान नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं. भारतात ते वय सरासरी ४६-४७च्या आसपास. पिशवी नसल्यामुळे एरवी प्रोजेस्टेरॉन लागत नाही. या तरुण बायकांना डोस बहुधा जास्त लागतो आणि त्यांच्यात पैसे खर्च करायचे ते जीवनसत्त्व ड, हाडांची घनता यांवर.

जेल नीट लावूनही लक्षणं हटत नसतील तर रक्तातलं इस्ट्राडिऑल एकदा बघावं. जेल दंडाला लावत असेल तर त्या हातातून रक्त घेऊ नका, आकडा खोटा वाढलेला येतो. शक्यतो एलसी-एमएस/एमएस या मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (रेणूच्या वजनावरून मोजण्याच्या) पद्धतीनं करून घ्या; अँटिबॉडीवर चालणाऱ्या साध्या इम्युनोअॅसेवर २०-३० पिकोग्रॅमच्या खालचे आकडे भरवशाचे नसतात.

आणि थायरॉइडच्या गोळीवर असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी तोंडातून सुरू केली की थायरॉक्सिन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करा. जेलवर हा प्रश्न सहसा येत नाही.

कराड_औषधी

फॉर्मवर औषधांच्या रकान्यात लोक 'काही नाही' लिहितात, म्हणून नावं घेऊन विचारा.

केस-नखांच्या गोळ्या: त्यांत ५ ते १० मिग्रॅ बायोटिन असतं. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालणाऱ्या इम्युनोअॅसेत इस्ट्राडिऑल, टेस्टोस्टेरॉन खोटे वाढतात आणि टीएसएच, एफएसएच खोटे कमी येतात. रक्ताच्या तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस बंद हवं. मास स्पेक्ट्रोमेट्रीला याचा त्रास नाही.

ज्येष्ठमध: पावसाळ्यात घरोघरी काढा असतो. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन कॉर्टिसोलचं कॉर्टिसोन करणारं मूत्रपिंडातलं एन्झाइम अडवतं, त्यामुळे पॅनलमधलं कॉर्टिसोल-कॉर्टिसोन प्रमाण उलटंपालटं होतं. बीपी वाढलेलं आणि पोटॅशियम कमी असेल तर हे पहिलं विचारा.

टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन, फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही लिव्हरमधलं तोडकाम जोरात करतात. गोळी चालू असून गरम वाफा परत आल्या तर आधी हे तपासा. बिडी-सिगारेटच्या धुरानं २-हायड्रॉक्सीचा रस्ता वाढतो. म्हणजे रिपोर्टमधला 'चांगला' म्हणून हिरवा दाखवलेला आकडा धूम्रपानानंही येऊ शकतो. यावरूनच त्या हिरव्या रंगाची किंमत कळावी.

रिपोर्टसोबत डीआयएम या सप्लिमेंटच्या कॅप्सूल खपवल्या जातात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) चालू असलेल्या बाईनं त्या अजिबात घेऊ नयेत. त्यानं टॅमॉक्सिफेनचा काम करणारा घटक, एंडॉक्सिफेन, कमी होतो.

विश्रामबाग_कलेक्शन, सांगली

सगळ्यांचे आभार. आता समोर असलेल्या एका रिपोर्टचे आकडे देतो, नाव-गाव काढून. वय ५०, वजन ५२ किलो, पिशवी आहे. इस्ट्राडिऑल जेल १.५ मिग्रॅ रोज, सोबत डायड्रोजेस्टेरोन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध) १० मिग्रॅ रोज. २४ तासांची लघवी ११०० मिली, क्रिएटिनिन ३२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर. प्रेग्नेनडायोल 'फार कमी', ४-हायड्रॉक्सी 'जास्त', २-हायड्रॉक्सी आणि १६-हायड्रॉक्सीचं (२:१६) प्रमाण 'प्रतिकूल'. पेशंट घाबरली आहे, कॅन्सर होणार का म्हणून विचारते. डॉक्टरांना प्रोजेस्टेरॉन दुप्पट करायचं आहे.

मिरज_बायोकेमिस्ट्री

११ गुणिले ३२ म्हणजे ३५२ मिग्रॅ. ५२ किलोच्या बाईत निदान ७८० अपेक्षित. अर्ध्याहून जास्त लघवी कॅनमध्ये आलेलीच नाही. 'प्रति २४ तास' म्हणून दिलेला प्रत्येक आकडा त्यामुळे निम्म्याहून खाली गेलाय. प्रति ग्रॅम क्रिएटिनिन दिलेले आकडे त्या मानानं टिकतात, रिपोर्टमध्ये ते असतील तर तेच वाचा.

पण प्रेग्नेनडायोलसाठी तेही वाचायची गरज नाही. डायड्रोजेस्टेरोनचं शरीरात प्रेग्नेनडायोल होत नाही, त्याचा मेटाबोलाइट वेगळाच आहे आणि तो या पॅनलमध्ये नाही. ही बाई रोज नेमानं औषध घेत असली तरी प्रेग्नेनडायोल पाळी गेलेल्या बाईचं असतं तेवढंच येणार. नॉरएथिस्टेरोन, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरोन, टिबोलोन या कृत्रिम औषधांचंही तसंच. घोडीच्या लघवीपासून बनवलेल्या कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेनमध्येही इक्विलिनसारखे घटक असतात, जे हे पॅनल मोजत नाही. फॉर्मवर औषधाचं नाव असेल तर सेंटरवरच पेशंटला सांगा की या औषधावर ही तपासणी उत्तर देऊ शकत नाही, आणि पैसे घेऊ नका.

४-हायड्रॉक्सीचे आकडे इतके छोटे असतात की ते मोजण्याच्या खालच्या मर्यादेजवळ असतात. तिथं थोडा फरकही टक्केवारीत मोठा दिसतो, आणि दोन छोट्या आकड्यांचं गुणोत्तर काढलं की तो अजून मोठा दिसतो.

सातारा_स्त्रीरोग

पेशंटला आजच फोन करा, असं भीतीत ठेवू नका. २:१६ प्रमाणावरून स्तनाच्या कॅन्सरचा धोका कळतो ही कल्पना ऐंशी-नव्वदच्या दशकात पुढे आली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध सातत्यानं दिसला नाही. ४-हायड्रॉक्सीपासून डीएनएला इजा करणारे पदार्थ बनू शकतात हे प्रयोगशाळेत दिसतं, पण लघवीतल्या त्याच्या आकड्यावर उपचार बदलून कुणाचा कॅन्सर टळल्याचा पुरावा नाही. तिचा धोका घरातला इतिहास, वय, वजन, दारू आणि मॅमोग्राफीवरून बघायचा.

डोस दुप्पट करू नये. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: मध्येच रक्तस्राव होतो का, आणि वाफा थांबल्या का? स्राव नसेल आणि वाफा थांबल्या असतील तर आहे तेच चालू. सुरू केल्यापासून सहा महिन्यांनंतरही अवेळी स्राव असेल, किंवा आधी थांबून नव्यानं सुरू झाला असेल, तर योनिमार्गातून सोनोग्राफी. अस्तर ४-५ मिमीपेक्षा जाड असेल तर बायोप्सी. स्राव जास्त असेल तर सोनोग्राफीची वाट न पाहता सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

मेटाबोलाइटची तपासणी खरी कामाची ठरते ती दुसरीकडे. नवजात बाळाचं लिंग स्पष्ट नसेल, किंवा अॅड्रिनल ग्रंथीतल्या जन्मजात एन्झाइम दोषाचा संशय असेल, तर लघवीचं स्टेरॉइड प्रोफाइल जीसी-एमएसवर (मास स्पेक्ट्रोमेट्रीचाच एक प्रकार) करतात. २१-हायड्रॉक्सिलेजच्या दोषात प्रेग्नेनट्रायोल आणि प्रेग्नेनट्रायोलोन वाढतात, ११-बीटा-हायड्रॉक्सिलेजच्या दोषात टेट्राहायड्रो-११-डिऑक्सिकॉर्टिसोल. कुठलं एन्झाइम अडलंय ते त्यातून ओळखता येतं. मात्र अशा बाळाला उलट्या, सुस्ती असेल, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असेल, तर रक्ताचं सॅम्पल काढून लगेच हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन सुरू करायचं. लघवीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

विश्रामबाग_कलेक्शन, सांगली

पेशंटशी आणि डॉक्टरांशी बोलणं झालं. अवेळी स्राव नाही, वाफा थांबलेल्या आहेत, औषध आहे तसंच ठेवलंय. फॉर्ममध्ये औषधाचं नाव, मार्ग, शेवटच्या डोसची वेळ, बायोटिन, ज्येष्ठमध, टीबी-फिट्सची औषधं, बिडी-सिगारेट आणि डिस्चार्ज कार्ड असे रकाने घालतोय. डायड्रोजेस्टेरोन, टिबोलोन, नॉरएथिस्टेरोन किंवा कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन लिहिलेलं दिसलं तर सॅम्पल घेण्याआधी डॉक्टरांना फोन, असं काउंटरवर लिहून लावलंय. मराठी सूचनांचा कागद कुणाला हवा असेल तर सांगा, इथंच टाकतो.